सामुदायिक बालसंगोपन : शेजारधर्म, दानधर्म की हक्क?

मुलांच्या सांभाळाच्या प्रश्नावर अलीकडे एक तोडगा मोठ्या उत्साहाने मांडला जातो. चार-पाच कुटुंबांनी एकत्र यावे, आळीपाळीने एकमेकांची मुले सांभाळावीत, खर्च वाटून घ्यावा आणि सरकारच्या तोंडाकडे पाहत बसू नये, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. हा तोडगा सुचवणारी मंडळी बहुधा सद्हेतूनेच बोलतात. त्यांतील काही आपल्या चळवळीच्या जवळचीही आहेत. परंतु सद्हेतू हा युक्तिवाद नव्हे. या तोडग्यात ग्राह्य काय आणि त्याज्य काय, याची वर्गीय दृष्टीने छाननी न करता तो जसाच्या तसा उचलणे म्हणजे एका कष्टकरी स्त्रीच्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्या कष्टकरी स्त्रीच्या खांद्यावर ठेवून प्रश्न सुटल्याचे समाधान मानणे होय.

याच्या उलट टोकाला आपल्या संघटनांतील काही कॉम्रेड उभे आहेत. त्यांना हा विषय 'बायकांचा' वाटतो. मजुरीचा दर, जमिनीचे वाटप, रेशन हे वर्गलढ्याचे प्रश्न. मूल कोणी सांभाळायचे हा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, अशी त्यांची समजूत आहे. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी दिसतात. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. मूल वाढवणे हे श्रम आहेत, समाजाला आवश्यक असलेले आणि आजवर फुकट घेतले गेलेले श्रम आहेत, ही गोष्ट दोन्ही मतांना मनापासून मान्य नाही.

छत्राचे वैभव कोणाच्या श्रमावर?

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक असेल तर मुक्तांबाळ छत्रामुळे. तंजावरचा भोसले राजा दुसरा सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) याने १८०२ साली ते उभारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८०१ साली, सरफोजीने ब्रिटिश रेसिडेंटला पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्यातील छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, अशी विनंती करताना त्याने छत्रांच्या कामाची माहिती दिली. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा खर्च छत्र सोसे आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला राहता येई. अनाथ मुलांना तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल, गरजेप्रमाणे औषध आणि शिक्षण दिले जाई.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. मूल हे केवळ त्याच्या आईची जबाबदारी नसून समाजाच्या कोठारावर त्याचा हक्क लागतो, हे तत्त्व एका सरंजामी राजवटीलाही दानधर्माच्या भाषेत का होईना मान्य करावे लागले होते. जे आजच्या राज्यकर्त्यांना परवडत नाही असे सांगितले जाते, ते त्या काळी भाताच्या कोठारातून होत होते. या गोष्टीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु आपल्याकडील तंजावरभक्त येथेच थांबतात, आणि येथेच आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. ते भात कोणी पिकवले? छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. कावेरीच्या या खोऱ्यातील शेतीचे श्रम पिढ्यान् पिढ्या जमिनीशी बांधलेल्या अस्पृश्य मानलेल्या जातींकडून घेतले जात. गुलामगिरीला कायद्याचे संरक्षण उरले नाही ते १८४३ साली. पण्णैयाळ म्हणजे मालकाच्या शेताशी जखडलेला सालगडी. त्याला थोडेफार कायदेशीर संरक्षण मिळायला १९५२ साल उजाडावे लागले. छत्राच्या ओसरीवर वाटसरूचे मूल तेल लावून न्हाऊ घातले जात असताना, त्या छत्राचे भात लावणाऱ्या बाईचे मूल बांधावर पडलेले होते. दानधर्माचा हा कायमचा नियम आहे: ज्याच्या श्रमातून दान निर्माण होते, तो त्या दानाच्या पंक्तीला शेवटी बसतो किंवा बसतच नाही.

बांधावरचे पाळणाघर

ओरत्तनाडुचा भाग कावेरीच्या नव्या त्रिभुजप्रदेशात मोडतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या कावेरी-मेट्टूर योजनेतून कल्लणै कालव्याचे पाणी या बाजूला आले आणि भाताचे क्षेत्र वाढले. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. पाणी आले की नांगरट, रोपे आणि पाठोपाठ लावणी. लावणी हे स्त्रियांचे काम. ते ठरावीक दिवसांतच व्हावे लागते, टोळीने करावे लागते, आणि दिवसभर चिखलात वाकून करावे लागते. पाठीवर मूल बांधून भाताची रोपे लावता येत नाहीत.

मग मूल कोठे जाते? झाडाच्या फांदीला जुनी साडी बांधून झोळी केली जाते. तमिळमध्ये तिला 'तूळि' म्हणतात. टोळीतील एखादी म्हातारी, जिच्या कंबरेला आता वाकणे झेपत नाही, ती झोळ्यांजवळ बसते. ती नसेल तर आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी शाळा बुडवून बसते. कोकणात, चंद्रपूर-भंडाऱ्याच्या भातशेतीत, नाशिकच्या द्राक्षबागांत याहून वेगळे चित्र नाही. अर्थात, कुटुंबांनी मिळून मुले सांभाळण्याची पद्धत शोधून काढण्यासाठी शहरी सुशिक्षितांची गरज नव्हती. शेतमजूर स्त्रियांनी ती केव्हाच शोधली आहे. तिची किंमत त्या म्हातारीने आपल्या बुडालेल्या मजुरीने आणि त्या मुलीने आपल्या बुडालेल्या शाळेने चुकती केली आहे.

येथे शेजारधर्माच्या गौरवाची भाषा अपुरी पडते. शेजारणीने शेजारणीचे मूल पाहावे हे चांगलेच. पण सगळ्याच शेजारणी पहाटे कामाला निघणाऱ्या असतील तर कोणी कोणाचे पाहायचे? ज्यांच्यापाशी मोकळा वेळ आहे त्यांनाच वेळेची देवाणघेवाण करता येते. शेतमजूर स्त्रीपाशी वेळ नाही. तिचा वेळ आधीच विकला गेलेला आहे.

अफूची गोळी

आमच्यावर एक जुना आरोप आहे की कम्युनिस्टांना कुटुंब मोडायचे आहे, आईपासून मूल तोडायचे आहे. १८४८ च्या जाहीरनाम्यातच या आरोपाला उत्तर दिलेले आहे. मुंबईच्या गिरणगावाने त्याचा पुरावा पुरवला. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी मुंबईच्या स्त्री कामगारांची पाहणी केली. गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईला आपले तान्हे मूल अफू देऊन निजवून ठेवावे लागत होते, असे त्यांना आढळले. बाजारात त्या गोळीला 'बाळगोळी' असे गोंडस नाव होते. आईच्या मायेत काही उणे होते म्हणून ती गोळी दिली जात नव्हती. पाळीचा भोंगा झाला की दार बंद होई, म्हणून दिली जात होती. आईपासून मूल कोणी तोडले याचा निर्णय वाचकांनीच करावा.

पुढे कामगार चळवळीच्या रेट्याने कायदे झाले. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने तेथे पाळणाघर बंधनकारक केले, आणि १९७६ साली ही मर्यादा ३० स्त्रियांवर आणली गेली. मालकांनी यातून काढलेली पळवाट प्रत्येक युनियन कार्यकर्त्याला ठाऊक आहे: हजेरीपटावरच्या स्त्रियांचा आकडा मर्यादेच्या आत थांबवायचा आणि उरलेल्या कंत्राटदाराच्या नावावर दाखवायच्या. २०२० च्या संहितेने स्त्रियांऐवजी ५० कामगार हा निकष घेतला. पाळणाघर हे बाईमुळे लागत नाही, मुलामुळे लागते, हे यात मान्य झाले खरे. पण पन्नासांची अट घालून छोटे कारखाने, भट्ट्या आणि कार्यशाळा यांना मोकळे सोडले. शेतमजूर स्त्री तर या हिशेबात कधी धरलीच गेली नाही.

बोर्डी आणि झरी

१९४५ हे साल या प्रश्नाच्या मराठी इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. थोरले मूल धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, म्हणून ते शाळेत येऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडणारी 'विकासवाडी' निर्माण झाली, आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे या विचारातून 'अंगणवाडी' जन्मली.

त्याच वर्षी, त्याच परिसरात, मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. कॉम्रेड गोदावरी परुळेकर आणि कॉम्रेड शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार नाकारली. साधारण त्याच वर्षांत कॉम्रेड बी. श्रीनिवास राव तंजावरच्या पण्णैयाळांना चाबकाचे फटके आणि शेणकाल्याची शिक्षा यांविरुद्ध संघटित करीत होते.

या दोन प्रवाहांची सांगड आपण पुरेशी घातली नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अंगणात बालवाडी भरली, पण आई वेठीला बांधलेली असेल तर त्या बालवाडीत मूल पोचवायचे कोणी? आणि वेठ गेली, मजुरी वाढली, पण मुलाला ठेवायला जागा नसेल तर ती वाढीव मजुरी कमवायची कशी? बालशिक्षणाचे कार्यकर्ते जमीनदाराविषयी गप्प राहिले आणि आपण पाळण्याविषयी गप्प राहिलो.

शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ओरत्तनाडुच्या खेड्यांत आज मुलांच्या केंद्राला सरकारी पाटीवर 'अंगन्वाडि' म्हणतात आणि बोलीत 'बाल्वाडि'. दोन्ही शब्द तमिळ नाहीत. एका प्रदेशातल्या स्त्रियांनी उभे केलेले काम दुसऱ्या प्रदेशातल्या शेतमजुरांच्या तोंडी किती सहज जाऊन बसले, हे त्यावरून कळते. प्रांतीय अस्मितेचे ढोल पिटणाऱ्यांनी छत्राच्या दगडांपेक्षा या दोन शब्दांचा अभिमान बाळगला तर ते अधिक शोभेल.

'सहकार' कोणाचा?

मराठी माणसाला सहकार म्हटले की साखर आठवते. १९५० च्या सुमारास प्रवरेला सुरू झालेल्या प्रयोगाने साखरधंद्याचा कायापालट केला, हे खरे. परंतु त्या सहकाराचा सभासद कोण? ऊस लावणारा. ऊस तोडणारा सभासद नाही. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडहून निघालेली ही जोडी फडात उतरते तेव्हा तिची मुले एक तर गावी आजीपाशी असतात, नाही तर पालावर असतात. कारखाना सहकारी आहे, पण मूल उघड्यावर आहे. कारण मुलाची आई त्या सहकारात कोणीच लागत नाही.

आता शहरातल्या 'सहकारी' बालसंगोपनाकडे याच नजरेने पाहा. पाच कुटुंबे एकत्र येतात आणि मिळून एक बाई ठेवतात. खर्च पाचांत वाटला जातो, निर्णय पाच जण घेतात, आणि दिवसभर मुले सांभाळते ती सहावी. ती सभासद नाही. तिचे स्वतःचे मूल कोठे आहे, हा प्रश्न बैठकीत येत नाही. जो श्रम करतो तो सभासद नसेल, तर त्या व्यवस्थेला सहकार म्हणता येणार नाही. पाच जणांनी मिळून एक मजूर स्वस्तात लावला, एवढेच तिचे वर्णन होईल.

म्हणून सामुदायिक सांभाळाच्या कोणत्याही योजनेला आपण चार प्रश्न विचारले पाहिजेत. सांभाळणाऱ्या व्यक्तीला मजुरी मिळते काय, आणि निर्णयात तिचे मत धरले जाते काय? पाळ्यांच्या यादीत पुरुषांची नावे आहेत काय? गावातले आणि वस्तीतले मूल एकाच पातेल्यातले जेवते काय, आणि ते पातेले दलित स्त्रीच्या हातचे असले तरी जेवते काय? आणि शेवटचा प्रश्न: ही योजना अंगणाच्या कुंपणापाशी संपते, की तेथून तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन जाते?

'मानधन' नावाची लबाडी

अनुवादकाला शब्दांशी रोज झुंजावे लागते, म्हणून एका शब्दाबद्दल लिहिणे माझे कर्तव्य आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्या चालवणाऱ्या स्त्रीला सरकार 'सेविका' म्हणते आणि तिला मिळते ते 'मानधन'. कामगार म्हटले तर वेतन द्यावे लागेल. वेतन म्हटले तर किमान वेतन, निवृत्तिवेतन, रजा सारेच आले. एका शब्दाने हे सारे टाळले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने सेविकेसाठीचा दर महिना ३००० रुपयांवरून ४५०० आणि मदतनिसाचा १५०० वरून २२५० रुपये केला. या रकमेत मान किती आणि धन किती, हे वाचकांनी ठरवावे. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने या योजनांतील स्त्रियांना कामगार मानण्याची शिफारस केली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडीच्या स्त्रिया संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस टिकून राहिल्या. जे काही मिळाले ते अशा लढ्यांमुळे मिळाले.

आणि तरीही अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती दिवसाचे काही तास, मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी भरते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचा शिधा येतो. शिधा मुलाला सांभाळत नाही. केंद्राने २०२२ पासून 'पाळणा' योजनेखाली १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचे लक्ष्य ठेवले. १४ लाखांत १७ हजार, म्हणजे शंभरात सव्वा.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. तमिळनाडूत १ जुलै १९८२ पासून पोषक दुपार-भोजन योजना हाती घेण्यात आली तेव्हाही हेच म्हटले गेले होते. योजना टिकली, वाढली, आणि पुढे साऱ्या देशाला तिचे अनुकरण करावे लागले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर एक लक्षणीय तरतूद करण्यात आली होती: कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका स्त्रीला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला मजुरीच्याच दराने पैसे द्यावेत. खोदणे आणि मूल सांभाळणे यांची किंमत समान, हे तत्त्व भारतीय संसदेने कायद्यात लिहिले. ते कागदावर राहिले, कारण ते अमलात आणण्यासाठी आपण पुरेसे लढलो नाही.

आपल्या घरातला प्रश्न

लेनिन यांनी १९१९ साली लिहिलेल्या 'महान प्रारंभ' या लेखात सार्वजनिक भोजनगृहे आणि शिशुगृहे यांना साम्यवादाचे कोवळे अंकुर म्हटले होते. त्याच ठिकाणी त्यांनी हेही सांगितले की भांडवलशाहीत या संस्था एक तर नफेखोरीचा धंदा असतात, नाही तर दानधर्माची कसरत. शंभर वर्षांनंतरही या विवेचनात दुरुस्तीची गरज नाही. मात्र सोव्हिएत अनुभवातून एक धडा त्यात जोडला पाहिजे. तेथे शिशुगृहे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, पण घरी परतल्यावर चूल, कपडे आणि मूल स्त्रीकडेच राहिले. संस्था उभारल्याने पुरुषाची सवय आपोआप मोडत नाही. ती वेगळी मोडावी लागते.

हे आपल्याला अधिक लागू आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. ज्यांना पळणे शक्य झाले नाही ते एका झोपडीत शिरले आणि त्या ४४ जणांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. वर्गलढ्यात स्त्री आणि मूल यांनी दिलेली किंमत आपण दर वर्षी हुतात्मादिनी स्मरतो. मग शाखेच्या बैठकीची वेळ ठरवताना तीच स्त्री आणि तेच मूल आपल्या विचारात का येत नाही? रात्री आठची बैठक ठेवायची आणि स्त्रिया येत नाहीत म्हणून हळहळायचे, यात कसले आत्मपरीक्षण?

म्हणून कुटुंबांनी मिळून मुले सांभाळण्याला आपला विरोध नाही. आपला विरोध तिला पर्याय म्हणून विकण्याला आहे. संपाच्या काळात सामुदायिक स्वयंपाक जसा संघटनेचे बळ वाढवतो, तसा सामुदायिक सांभाळही वाढवतो. लावणीच्या टोळीने मजुरी ठरवतानाच मुले सांभाळणाऱ्या बाईची पूर्ण मजुरी मालकाकडून घ्यावी. शेतमजूर युनियनने ही अट मागणीपत्रकात वेगळ्या कलमाने लिहावी. अंगणवाडी लावणी-कापणीच्या हंगामात कामाच्या पूर्ण वेळेपर्यंत उघडी ठेवावी, आणि वाढीव तासांचे वेतन तेथील स्त्रियांना मिळावे, यासाठी शेतमजूर आणि अंगणवाडी कर्मचारी यांच्या संघटनांनी एकाच मंचावरून लढावे. साखर कारखान्याने उसाच्या दराबरोबर तोडणी कामगारांच्या मुलांच्या पाळणाघराची तरतूद केल्याशिवाय गाळप हंगाम सुरू होऊ नये, ही मागणी पुढे रेटावी. आणि आपल्या प्रत्येक शाखेने, परिषदेने, शिबिराने मुलांची सोय करावी. तिच्या पाळ्यांत पुरुष कॉम्रेडांची नावे पहिल्याने लिहावीत.

यांतील शेवटच्या कामासाठी कोणत्याही सरकारच्या मंजुरीची गरज नाही. ते पुढच्याच बैठकीपासून सुरू करता येईल.